चिकानो पोस्टरं, कागदाचा झेंडू आणि कवितांची एक दुपार

पन्नास वर्षं गुंडाळी करून ठेवलेलं पोस्टर एका दमात उलगडायचं नाही. उलगडलं की शाई तडकते. साठ-सत्तरच्या दशकातली, अमेरिकेतल्या चिकानो चळवळीची पोस्टरं बरीचशी स्क्रीन प्रिंटिंगची आहेत, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे त्याच पद्धतीची: चौकटीवर ताणलेली जाळी, वर शाई आणि रबरी पट्टीची एक ओढ. जितके रंग तितक्या फेऱ्या. ही शाई कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसते. बोट फिरवलं तर लागते, पण बोट फिरवायचं नाही. वर्षानुवर्षं वाकलेला हा थर झटक्यात सरळ केला की आडव्या भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. सुटलेला पापुद्रा परत बसवणं हे तज्ज्ञाचं काम आहे, आणि ते महाग पडतं.

लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात आम्ही अशा पोस्टरांचं प्रदर्शन उभं केलं. त्याला लागून मृतांच्या दिवसाची ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी मांडलेली वेदी, आणि शेवटी एका शनिवारी चर्चासत्र व कवितावाचन. तिन्ही मिळून आठ महिन्यांचं काम. त्यातलं काय जमलं, काय बिघडलं आणि का बिघडलं, ते इथे लिहीत आहोत. मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही, आणि ग्रंथालयात, संग्रहालयात काम करणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. पण तो नुसता वंशदर्शक शब्द नव्हे. आधी हेटाळणीने वापरला जाणारा हा शब्द १९६० च्या दशकात तरुणांनी अभिमानाने स्वतःसाठी उचलला. स्वतःचं नाव स्वतः ठरवण्याचा हा आग्रह दलित चळवळीमुळे मराठी वाचकाला परका वाटणार नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बराच्या परिषदेत विद्यापीठांत चिकानो अभ्यास कसा उभा करायचा याचा आराखडा ठरला. त्याच वर्षी यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, चिकानो अभ्यास संशोधन केंद्र सुरू झालं आणि १९७० मध्ये ‘आस्तलान’ हे तिथलं नियतकालिक निघालं. त्याआधी या माणसांची पत्रकं, पोस्टरं, सायक्लोस्टाईल अंक मोठ्या ग्रंथालयांना जपण्यासारखे वाटले नव्हते. जे टिकलं ते लोकांच्या गॅरेजमध्ये, पलंगाखाली, चपलांच्या खोक्यांत. म्हणून अशा केंद्रात कार्यक्रम ठरवताना आम्ही पहिला प्रश्न हाच घेतो की यातून संग्रहात काय जमा होणार, आणि ते कुणाच्या शब्दांत.

आता पोस्टरं. टेबलावर साठेक काढली, त्यातली चोवीस निवडली. प्रत्येकाचं स्थितिपत्रक आधी भरायचं: लांबी-रुंदी, फाटलेल्या जागा, डाग, घड्या, टाचणीची भोकं, मागची बाजू. टाचणीची भोकं बुजवायची नाहीत. एका पोस्टराच्या चारही कोपऱ्यांत प्रत्येकी चार-पाच भोकं आहेत. म्हणजे ते निदान चार वेळा भिंतीवर लावलं गेलं. तो त्या कागदाचा इतिहास आहे. पिवळी पडलेली चिकटपट्टी ओढून काढायची नाही, तिच्याबरोबर शाई येते. आणि मागची बाजू तर बघायचीच. एकाच्या पाठीवर पेन्सिलने मोर्च्याला गाडीतून कुणी कुणाला आणायचं त्याची यादी होती, फोन नंबरांसकट. असली यादी भिंतीवर जात नाही, फोटोतही जात नाही. ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून याच शहरात राहतात.

गुंडाळी सोडवायची रीत अशी. आधी जपणूकतज्ज्ञ कापसाची काडी जेमतेम ओली करून प्रत्येक रंगाला कोपऱ्यात टेकवून बघतात. चोवीसपैकी तीन पोस्टरांचा लाल रंग काडीवर आला. ती शाई पाण्यात विरघळणारी होती, शाळेच्या चित्रकलेच्या तासाला वापरतात तसली. त्या तिघांना ओलावा दाखवायचाच नाही. ती टिपकागदात घालून, वर काच आणि वजन ठेवून, तीन आठवडे कोरडीच दाबली. बाकीच्यांसाठी झाकणाचा मोठा प्लास्टिकचा ट्रे घ्यायचा. तळाला ओला करून पिळलेला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पोस्टर चित्र वर करून, झाकण बंद. तीन ते चार तासांत कागद सैल पडतो. मग ते दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये घालून फळीखाली दाबायचं. टिपकागद पहिल्यांदा अर्ध्या तासाने बदलायचा, मग दोन तासांनी, मग आठवडाभर रोज एकदा. इथे बहुतेकांची घाई होते. दुसऱ्या दिवशी कागद हाताला कोरडा लागतो म्हणून बाहेर काढला, की संध्याकाळपर्यंत कडा पुन्हा वर येतात.

फ्रेमिंगला आमची मोठी चूक झाली. आम्ही दुकानाला लिहून दिलं होतं की कागदाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत. चिकानो छापखान्यांत कागद कसा कापला, कडेला शाईचा अंगठा कसा उमटला, हे बघण्यासारखं असतं. त्यांनी कडा दाखवल्या, पण माऊंट, म्हणजे मध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, वगळून काचेऐवजीचं ॲक्रिलिक थेट पोस्टरावर टेकवलं. जाड शाई गुळगुळीत पृष्ठभागाला दाबून राहिली आणि खोली तापली तर ती त्याला चिकटते. नंतर फ्रेम उघडताना चित्राचा तुकडा ॲक्रिलिकबरोबर निघून येतो. पहिल्या आठ फ्रेमा परत पाठवल्या, दोन आठवडे गेले. दोष अर्धा आमच्या वाक्याचा होता. आता आमच्या मागणीपत्रात वाक्य असं असतं: चारही कडा दिसाव्यात, शाई आणि ॲक्रिलिक यांच्यात किमान पाव इंच पोकळी असावी, पोस्टर मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावावं. खळ यासाठी की ती पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. वरच्याच कडेला यासाठी की कागद हवेप्रमाणे फुगतो-आक्रसतो आणि त्याला खाली सरकायला जागा लागते. चारी बाजूंनी चिकटवलेला कागद सहा महिन्यांत लाटा धरतो.

प्रकाश ५० लक्सच्या वर न्यायचा नाही. मोजमापाचं यंत्र हातात धरून प्रत्येक फ्रेमसमोर उभं राहून मोजायचं, खोलीच्या मध्यावर नाही. यूव्ही थांबवणारं ॲक्रिलिक लावलं म्हणजे रंग सुरक्षित झाले असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डोळ्याला दिसतो तो प्रकाशही रंग उडवतोच, आणि सत्तरच्या दशकातला झगमगीत गुलाबी सगळ्यात आधी जातो. बारा आठवडे झाले की पोस्टर उतरवून अंधारात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरला. लेबलं थोडी खाली लावली, कारण शनिवारी आजीआजोबा नातवंडांना घेऊन येतात आणि बऱ्याचदा वाचून दाखवणारं नातवंडच असतं.

लेबलांना आम्ही पोस्टरांइतकाच वेळ दिला. दोन्ही भाषांत मजकूर, सारख्याच आकाराच्या अक्षरांत. स्पॅनिश मजकूर इंग्रजीवरून भाषांतर करून घ्यायचा नाही. तो त्या भाषेत राहणाऱ्या माणसाने वेगळा लिहायचा. स्पॅनिशमध्ये काही ‘न’वर छोटी नागमोडी रेघ असते. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. ती रेघ उडाली की शब्द ‘आनो’ होतो आणि त्याचा अर्थ होतो गुदद्वार. भिंतीवर चिकटवायची मोठी अक्षरं कापणाऱ्या मशीनच्या फॉन्टमध्ये ती रेघच नव्हती, आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सफाई कामगार बाईंनी ते दाखवून दिलं. पूर्ण ओळ पुन्हा कापली. आता फॉन्ट निवडण्याआधी तीच ओळ छापून बघतो. कलाकारांच्या नावांवरची आघातचिन्हंही, म्हणजे अक्षरांवरच्या तिरप्या रेघा, तशीच तपासायची. तेसुद्धा ज्याच्या त्याच्या सहीप्रमाणे, कारण काही जण चिन्ह देतात, काही मुद्दाम देत नाहीत. चिकानो (पुल्लिंगी), चिकाना (स्त्रीलिंगी), चिकानेक्स (लिंगनिरपेक्ष) यांतला कोणता शब्द वापरायचा हा वाद केंद्राने मिटवायचा नसतो. जो कलाकार स्वतःला जे म्हणतो ते त्याच्या लेबलावर.

संदर्भ किती द्यायचा, हा खरा अवघड भाग. एस्टर एर्नांदेस यांचं १९८२ चं ‘सन मॅड’ घ्या. मनुक्यांच्या एका प्रसिद्ध डब्यावर लाल टोपी घातलेली हसरी मुलगी असते. इथे तिच्या जागी सांगाडा आहे, हातात तेच द्राक्षांचं तबक. तो डबा ज्याने कधी पाहिलाच नाही त्याला हे फक्त भुताचं चित्र वाटेल. म्हणून अशा लेबलात दोन गोष्टी हव्यातच: तो डबा, आणि कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांवर फवारलेली कीटकनाशकं जी मजुरांच्या अंगात आणि पिण्याच्या पाण्यात गेली. त्यापुढे चित्राचा अर्थ सांगत बसायचं नाही. साठ शब्दांवर लेबल गेलं की लोक वाचत नाहीत, हे आम्ही उभं राहून पाहिलंय.

परवानगीबद्दल थोडक्यात: कागद केंद्राचा असला तरी चित्राचा हक्क सहसा कलाकाराकडे असतो. प्रदर्शनात लावायला अडचण नाही, पण निमंत्रणपत्रिकेवर, पिशवीवर, संकेतस्थळावर छापायचं तर लेखी परवानगी हवी. सॅक्रामेंटोच्या रॉयल चिकानो एअर फोर्ससारख्या गटांच्या पोस्टरांत एकाने रेखाटलं, दुसऱ्याने जाळी कापली, तिसऱ्याने छापलं. तिथे एका सहीवर भागत नाही, हयात असलेल्या सगळ्यांना विचारावं लागतं. (या गटाचं मूळ नाव रेबेल चिकानो आर्ट फ्रंट. आद्याक्षरं रॉयल कॅनेडियन एअर फोर्सची वाटायला लागली, तेव्हा त्यांनी तो गोंधळच नाव म्हणून घेतला.) सहा महिने आधी पत्रं पाठवली तर उत्तरं वेळेत येतात.

ओफ्रेंदा मांडायला सुरुवात झाली आणि मराठी माणसाला घरचं काही तरी सापडलं. या वेदीचं फूल म्हणजे सेंपासूचिल, आपला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याचं तोरण आणि मेक्सिकोतली मृतांच्या दिवसाची, २ नोव्हेंबरची वेदी एकाच जातीच्या फुलांनी सजते. पण संग्रहाच्या कागदांशेजारी ताजा झेंडू आणता येत नाही: पाकळ्यांतून बारीक किडे येतात, परागाचा डाग निघत नाही, फुलदाणीतलं पाणी सांडतं. म्हणून कागदाची फुलं. नारिंगी पतंगी कागदाचे सहा थर, सहा बाय आठ इंचांचे, एकावर एक. एक सेंटिमीटरच्या चुण्या घालून पंख्यासारखी घडी करायची, मध्ये तार आवळायची, दोन्ही टोकं कात्रीने गोल करायची आणि एकेक थर हलक्या हाताने वर उचलायचा. थर ओढला तर फाटतो, चिमटीत धरून फिरवत वर आणला तर उमलतो. सरावाचं माणूस तासाला पंधरा फुलं करतं. आम्हाला चारशे हवी होती. दोन शनिवार जवळपासच्या कुटुंबांना बोलावलं आणि चारशे साठ झाली.

वेदीची रचना केंद्राने करायची नाही. पिढ्यानपिढ्या वेदी मांडणारी माणसं असतात, त्यांना आल्तारिस्ता म्हणतात. ही कला आहे आणि तिचा मान तसाच राखायला हवा. पूर्व लॉस एंजेलिसच्या ओफेलिया एस्पार्सा यांना २०१८ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली ती याच कामासाठी. आमच्या आल्तारिस्ता आल्या, जागा पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते मापांबद्दल नव्हतं. कुणाकुणाला आठवायचं आहे, असं त्यांनी विचारलं. तीन पायऱ्या ठरल्या. वर फोटो, मधल्या पायरीवर भाकरी, मीठ, फळं, खाली पाणी आणि फुलांची वाट. वरून पापेल पिकादो, कोरीव कागदी पताका.

आमच्या वाट्याला आलं ते इमारतीच्या नियमांतून वाट काढणं. मेणबत्त्या बॅटरीच्या. कोपाल, म्हणजे त्यांचा ऊद, आत पेटवला की धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी इमारत रिकामी करावी लागते. म्हणून तो अंगणात मातीच्या धुपाटण्यात पेटवला, अग्निसुरक्षा विभागाला दोन आठवडे आधी अर्ज देऊन. वेदीवरची भाकरी म्हणजे गोड पाव, स्पॅनिशमध्ये ‘पान दे मुएर्तो’; ती सकाळी यायची आणि संध्याकाळी वाटून संपवायची. रात्री ठेवली तर मुंग्या, आणि मुंग्यांमागून कागद खाणारे किडे. पाण्याच्या पेल्याने मात्र फसवलं. कुणाचा तरी धक्का लागला, पाणी कागदी फुलांवर गेलं, पतंगी कागदाचा रंग सुटला आणि आल्तारिस्तांच्या घरच्या विणलेल्या पांढऱ्या कापडावर वीतभर नारिंगी डाग पडला. त्या रागावल्या नाहीत. कापड त्यांच्या आईच्या हातचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आता पेला काठ असलेल्या खोल ताटात ठेवतो, फुलं त्यापासून हातभर लांब, आणि घरची वस्तू आली की ती किती जुनी, कुणाची, हे वस्तू टेबलावर ठेवण्याआधी विचारून लिहून घेतो.

फोटोंसाठी दाराशी एक टेबल टाकलं होतं: स्कॅनर, छोटा प्रिंटर, चिठ्ठ्या. लोक पाकिटातून फोटो काढून देतात, तो तिथल्या तिथे स्कॅन करायचा, प्रत वेदीवर, मूळ फोटो पाच मिनिटांत परत हातात. मूळ फोटो वेदीवर ठेवायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. चिठ्ठीवर तीन ओळी: कुणाचा फोटो, तुम्ही त्यांचे कोण, ही प्रत केंद्राने जपावी का. शेवटच्या ओळीला ‘नाही’ असं उत्तर आलं तर वेदी उतरवल्यावर प्रत परत द्यायची आणि स्कॅन पुसायचं. पुसलं, हे लिहूनही कळवायचं. या वेदीवर आम्ही एकही लेबल लावलं नाही.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी सातला ठेवायची विद्यापीठांची सवय असते. शहराच्या पूर्वेकडून त्या वेळेला निघालेला माणूस दीड तास रस्त्यात अडकतो आणि वर गाडी लावायचे पैसे भरतो. पोस्टरं ज्यांनी छापली ती माणसं आता सत्तरी ओलांडलेली आहेत. शनिवारी दुपारी दोनची वेळ धरली, पूर्वेकडून एक बस ठेवली, पार्किंगच्या पासांचा खर्च अंदाजपत्रकात घातला. खुर्च्या कमी पडल्या.

मानधनाबद्दल नेमकं लिहायला हवं, कारण माणसं दुखावतात ती इथे. पाहुण्याची नोंद विद्यापीठाच्या देयक-यंत्रणेत व्हायला, कराचा डब्ल्यू-९ अर्ज तपासला जायला सहा ते दहा आठवडे लागू शकतात. आधी एका ज्येष्ठ छापकाराला धनादेश कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी मिळाला होता. आता होकार आला त्याच दिवशी अर्ज जातो. अर्ज ऑनलाइन भरता येत नसेल तर आमच्यातलं कुणी कागद घेऊन घरी जातं. लिफाफा कार्यक्रमाच्या दिवशी तयार असतो.

चर्चासत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन बैठका, प्रत्येकीत दोन अभ्यासक आणि एक प्रत्यक्ष काम केलेला कलाकार. एकच नियम उपयोगी ठरला: कलाकाराने शेवटी बोलायचं, म्हणजे आधी बोललं गेलेलं दुरुस्त करता येतं.

कवितावाचनाला इथे जुनं नाव आहे, फ्लोर ई कान्तो, फूल आणि गाणं. नाहुआत्ल भाषेत कवितेला असंच जोडनावाने म्हणत. १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात या नावाचा महोत्सव झाला आणि त्याचं व्हिडिओ चित्रण झालं, म्हणून त्या कवींचे तरुणपणीचे आवाज आज ऐकता येतात. जिथे कॅमेरा नव्हता तिथले गेले.

या कविता एका ओळीत स्पॅनिश, दुसरीत इंग्रजी, मध्येच गल्लीतली कालो बोली, अशा चालतात. आपोआप उमटणारी उपशीर्षकं तिथे कोसळतात. स्पॅनिश शब्दाला ती जवळचा इंग्रजी शब्द चिकटवतात आणि अर्थाची वाट लागते. आम्ही दोन्ही भाषा येणारी टंकलेखिका बसवली आणि कवींकडून मजकूर चार दिवस आधी मागवला. भाषणांना दोन दुभाषी, वीस-पंचवीस मिनिटांनी आलटून-पालटून, कारण त्यापुढे एकट्याचा मेंदू थकतो आणि आकडे-नावं चुकायला लागतात. कविता सुरू झाल्या की दुभाषी थांबतात. हे आधीच श्रोत्यांना सांगायचं, नाहीतर कानातलं यंत्र बिघडलं म्हणून लोक उठून मागे येतात.

ध्वनी दोन ठिकाणांहून घेतला: एक थेट ध्वनियंत्रणेतून, एक सभागृहातल्या वेगळ्या माइकवरून. नुसता पहिला घेतला तर हशा, ओरडून दिलेली दाद, सगळ्यांनी मिळून म्हटलेली ओळ यातलं काहीच येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. त्याच रात्री तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. संमतीपत्र आम्ही पूर्वी अख्ख्या कार्यक्रमासाठी एकच घ्यायचो. एका कवयित्रीने थांबवलं: ऑनलाइन गेलेली कविता बरीच नियतकालिकं ‘प्रकाशित’ धरतात आणि मग घेत नाहीत. आता प्रत्येक कवितेपुढे तीन चौकोन असतात: संग्रहात, वर्गात, ऑनलाइन. सही वाचनाआधी घ्यायची, नंतर माणसं गर्दीत सापडत नाहीत.

पुढचे दोन महिने नोंदींचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत चिकानो शोधलं की ती ‘मेक्सिकन अमेरिकन’कडे पाठवते, म्हणून चिकानो ग्रंथपालांनी स्वतःचा विषयकोश बांधला. आम्ही दोन्हींतले शब्द घालतो, म्हणजे कुठल्याही दाराने आलेल्याला वस्तू सापडते. नावं मात्र आघातचिन्हांसकट एकदाच, नीट.

सातव्या पोस्टरावर आमच्या नोंदीत १९७१ होतं. दुसऱ्या बैठकीत ते छापणाऱ्या बाईंनी सांगितलं की ती निळी शाई त्यांच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा त्यांची मोठी मुलगी रांगत होती, तेव्हा साल १९७३. लेबल संध्याकाळपर्यंत बदललं. नोंदीत जुनं साल खोडलेलं नाही, शेजारी नवं आहे आणि खाली टीप: छापणाऱ्या कलाकाराने स्वतः सांगितलेलं, ध्वनिफीत दुसरी, एकेचाळिसावं मिनिट.